एका मेकॅनिकचा अर्ज

'शर्यत' या शब्दाचे नाते अरबी 'शर्त'शी आहे. शर्त म्हणजे अट. आज शर्यत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वेग येतो. पण शब्दाच्या पोटात वेग नाही, अट आहे. कशाच्या बदल्यात काय पणाला लावायला तयार आहात, असा प्रश्न तो शब्द विचारतो. पिंपरी-चिंचवडमध्ये वीसेक वर्षे मराठी शिकवत असताना या शब्दाचा हा मूळ अर्थ मला कोशापेक्षा एका विद्यार्थ्यामुळे अधिक नीट उमगला. त्याविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. येथील जत्रा घाटावाचून पुरी होत नाही. घाट म्हणजे चढणीची धावपट्टी. तिच्यावर बैल गाडा घेऊन सुटतात, पुढे घोडी धावते आणि 'भिर्रर्र'च्या आरोळीत काही सेकंदांत सारे संपते. वर्षभराचा खुराक, माया, कर्ज आणि घराण्याची प्रतिष्ठा त्या काही सेकंदांवर लावलेली असते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. प्राण्यांच्या छळाचा मुद्दा गंभीर आहे. त्याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की बंदीच्या त्या सात वर्षांत या भागात एक पिढी वयात आली. तिच्या घरात आजोबांनी जिंकलेल्या ढाली भिंतीवर होत्या, गोठा रिकामा होता आणि दारात मोटरसायकल उभी होती.

ती मोटरसायकलही परक्या गावची नव्हती. आकुर्डीच्या बजाज ऑटोची चेतक स्कूटर १९७२ सालची. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबत. फिरोदियांच्या कायनेटिकची लूनाही १९७२ चीच, आणि त्या कंपनीचे कार्यालय चिंचवडला. १९९९ मध्ये चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये पल्सर आली, पुढे ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची ड्यूक येथेच बनू लागली. कांद्याच्या बाजारासाठी, आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवलेल्या संग्रामदुर्गासाठी ठाऊक असलेले चाकण बघता बघता वाहनांचे गाव झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची मुले त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या छपरांखाली पाळीवर जाऊ लागली.

माझा हा विद्यार्थी अशाच एका घरातला. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून तो २०१८ मध्ये एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला होता. आठवडाभर पाळ्या करायच्या आणि रविवारी आमच्या महाविद्यालयातील दूरस्थ अभ्यासक्रमाच्या संपर्कवर्गाला यायचे, असा त्याचा क्रम होता. बी.ए.ला त्याने मराठी हा विशेष विषय घेतला होता, तो आवडीने नव्हे तर पाळीच्या वेळापत्रकात बसला म्हणून, हे त्याने पहिल्याच भेटीत प्रांजळपणे सांगून टाकले. २०२२ मध्ये पदवी हाती आल्यावर तो एक अर्ज घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, एवढं वाचून बघा. नंतर इंग्रजीत करायचंय, पण आधी मराठीत नीट पाहिजे," असे त्याचे म्हणणे. नोकरीचा अर्ज असावा, असे मला वाटले. होताही तो नोकरीचाच. पण तो युरोपातील एका मोटरसायकल-शर्यत संघाला लिहिलेला होता. त्याला स्पर्धक व्हायचे नव्हते. त्याला त्या संघात मेकॅनिक व्हायचे होते.

अर्जात नमस्कार-चमत्कार फारसे नव्हते. काय येते, याची सरळ यादी होती. टॅपेट लावता येतात. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करता येतो, इंजेक्शनच्या गाडीतला दोष यंत्र न लावता निम्मा तरी आवाजावरून सांगता येतो. गाडी मिसिंग मारते तेव्हा प्लग, करंट की पेट्रोल, हे कोणत्या क्रमाने पाहायचे ते कळते. नट किती आवळायचा हे टॉर्क रेंच सांगतो, पण नट आवळताना थ्रेड जायला लागली आहे हे रेंच सांगत नाही, हाताला कळावे लागते, ते कळते. शर्यतीच्या गाडीवर बोल्टांना छिद्र पाडून त्यांतून तार ओवतात, म्हणजे थरथरीने बोल्ट सुटला तरी गळून पडत नाही. ती तार पिळण्याचा सराव जुन्या इंजिनावर करून पाहिला आहे. आणि शेवटी एक वाक्य: 'माझ्या हातून आजपर्यंत हजारो गाड्यांचा एक भाग बसवला गेला आहे, पण त्यांतली एकही गाडी पुढे कशी चालली हे मला ठाऊक नाही, मला एकच गाडी द्या आणि ती कशी चालली ते पाहू द्या.'

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. आपण साहित्याच्या वर्गात 'परात्मता' ही संकल्पना शिकवतो. श्रमाचे फळ श्रमिकापासून तुटते, मग श्रमिक स्वतःपासून तुटतो, ही मार्क्सची मांडणी फळ्यावर लिहितो. उदाहरणे बहुधा गिरणीची देतो, कारण गिरणगावाला नारायण सुर्वे यांच्यासारखा कवी लाभला. यंत्रयुगातील माणसाची घुसमट सांगायची तर मर्ढेकरांकडे जातो. हे सारे योग्यच आहे. पण या परंपरेने यंत्राकडे पाहण्याची एक सवयही आपल्याला लावली. यंत्र म्हणजे दडपणारे, माणसाला क्षुद्र करणारे काहीतरी. यंत्रावर प्रेम करणारा कामगार आपल्या समीक्षेच्या चौकटीत एकतर भाबडा ठरतो किंवा व्यवस्थेचा बळी. माझ्या विद्यार्थ्याच्या वाक्यात परात्मतेची इतकी नेमकी व्याख्या होती, की ती मी पुढे वर्गात सांगू लागले. पण तिच्यावरचा त्याचा उपाय यंत्रापासून दूर जाण्याचा नव्हता. त्याला यंत्राच्या अधिक जवळ जायचे होते.

जुळणी-साखळीवरचे काम आणि शर्यतीच्या पिटमधले काम यांत हात तोच, पाना तोच, बोल्टही जवळजवळ तोच. साखळीवर गाडी समोर येते, ठरलेल्या सेकंदांत ठरलेला भाग बसतो, गाडी पुढे सरकते. कामाचा परिणाम दिसतो तो केवळ चूक झाली तर, तोही वरिष्ठांच्या ओरडण्यातून. पिटमध्ये मेकॅनिकला एकच गाडी असते. शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता-फेरी, रविवारी शर्यत. या तीन दिवसांत ती गाडी तो अनेकदा उघडतो आणि मिटतो. त्याने आवळलेल्या बोल्टावर दुसरा कोणीतरी जीव टाकून वळणात झुकणार असतो. रॉबर्ट पर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यातील निवेदक मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे जातो आणि स्वतःच्या गाडीची निगा स्वतः राखतो. त्या निगराणीतून त्याचे तत्त्वचिंतन उभे राहते. पण तेथे गाडीही त्याची आणि प्रवासही त्याचाच. संघातल्या मेकॅनिकची गोष्ट वेगळी आहे. तो दुसऱ्याच्या गाडीची निगा दुसऱ्याच्या प्रवासासाठी राखतो. चषक दुसऱ्याच्या हातात जातो. याच्या वाट्याला येते ते फक्त खात्रीने ठाऊक असणे, की गाडीने दगा दिला नाही.

हे स्वप्न आकाशातून पडलेले नव्हते. २००८ मध्ये महिंद्राने कायनेटिक मोटरचा दुचाकी-व्यवसाय घेतला आणि २०११ मध्ये ही कंपनी ग्रांप्री मोटरसायकल-स्पर्धेच्या १२५ सीसी वर्गात उतरली. पुढच्याच वर्षी त्या वर्गाची जागा मोटो-थ्रीने घेतली. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, २५० सीसी. महिंद्राने स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीबरोबर नवी गाडी तयार केली. २०१३ मध्ये मलेशियात मिगेल ओलिवेराने तिच्यावर तिसरा क्रमांक मिळवला आणि २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील आसेनच्या ट्रॅकवर फ्रान्चेस्को बन्याइया या इटालियन तरुणाने पहिला विजय. भारतीय कंपनीच्या गाडीने जागतिक ग्रांप्री शर्यत जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. बन्याइया पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपी या सर्वोच्च वर्गाचा विश्वविजेता झाला. २०१६ मध्ये त्याच संघातून महिंद्रा चालवणारा होर्हे मार्तिन २०२४ चा विश्वविजेता झाला. म्हणजे पुढच्या दोन विश्वविजेत्यांची उमेदवारी एका भारतीय नावाच्या गाडीवर झाली, ही गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर क्रिकेटच्या गर्दीत फारशी उरली नाही.

आसेनचा तो निकाल आला तेव्हा माझा विद्यार्थी सोळा वर्षांचा होता आणि आयटीआयला होता. आपल्या भागात जिचे कारखाने आहेत त्या कंपनीची गाडी जग जिंकते, तर आपण तिथपर्यंत का जाऊ नये, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. पण संघाचे ठाणे युरोपात होते, गाडीची घडणही बव्हंशी तिकडेच झालेली होती, पिटमधले हातही बहुतेक तिकडचेच होते. आणि २०१७ चा हंगाम संपताच महिंद्राने मोटो-थ्रीतून माघार घेऊन विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला-ई शर्यतींवर लक्ष केंद्रित केले. हा मुलगा हातात प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला तेव्हा ज्या दारावर थाप मारायची ते दारच उरले नव्हते.

केटीएमची गोष्टही याच वळणाची आहे. बजाजने २००७ मध्ये तिच्यात भागभांडवल घेतले. चाकणला तयार झालेली आरसी ३९० ही गाडी २०१४ पासून जर्मनीत कनिष्ठ स्पर्धकांच्या शर्यत-मालिकेत धावू लागली. ऑगस्ट २०२० मध्ये चेक प्रजासत्ताकातील बर्नो येथे ब्रॅड बिंडरने केटीएमला मोटोजीपीतला पहिला विजय मिळवून दिला. ती गाडी मात्र ऑस्ट्रियात घडलेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला आणि २०२५ मध्ये बजाजने तिचा ताबा घेतला. मालकीचे टोक आकुर्डीला, कारखान्याचे एक टोक चाकणला, शर्यतीचे टोक आल्प्सच्या पायथ्याशी. भांडवल सीमा ओलांडते, गाडीही ओलांडते. पाना धरणाऱ्या हाताला मात्र व्हिसा लागतो, इंग्रजी लागते, आणि त्याहून अधिक म्हणजे शर्यतीच्या तंबूत काढलेली काही वर्षे लागतात. ती वर्षे काढायला येथे तंबू नाही. देशातल्या शर्यती प्रामुख्याने चेन्नईजवळच्या ट्रॅकवर आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होतात. वाहने बनवणाऱ्या आमच्या पट्ट्यात तेव्हा शर्यतीचा कायमस्वरूपी ट्रॅक नव्हता.

विभागातील एका सहकाऱ्यांनी अर्ज वाचून विचारले, "यात मराठीचा काय संबंध? आणि आपण अशा वेडाला खतपाणी का घालावे?" प्रश्न रास्त होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता; घर त्याचे, नोकरी त्याची. पहिल्या प्रश्नावर मात्र मला काही सांगता आले. शर्यत-संघात एक प्रमुख मेकॅनिक असतो. स्पर्धक फेरी मारून परत येतो आणि सांगतो, "गाडी वळणात बाहेर जाते." हे विधान अनुभव म्हणून खरे असते, पण त्यावरून काहीच करता येत नाही. मग प्रमुख विचारतो, कोणत्या वळणात? ब्रेक सोडताना, पूर्ण झुकल्यावर, की गॅस देताना? पुढचे चाक सुटते की मागचे ढकलते? या प्रश्नांतून 'बाहेर जाते' या तीन अनुभवांचे एक कारण निघते; मग कुठे पुढच्या शॉकअब्जॉर्बरचा ताण बदलतो, कुठे मागच्या स्प्रॉकेटचा एक दात वाढतो, कुठे टायरमधली हवा थोडी कमी होते. संगणकावरचे आलेख साक्षीला असतात, पण प्रश्न विचारावाच लागतो. कविता वाचून विद्यार्थी म्हणतो, "छान वाटली." आपण विचारतो, कुठे छान वाटली? कोणत्या ओळीपाशी? शब्दामुळे, लयीमुळे, की तेथे अचानक आलेल्या शांततेमुळे? आस्वादाकडून कारणाकडे नेणारी ही वाट दोन्हीकडे सारखीच आहे. माझ्या विद्यार्थ्याने हे माझ्याआधी ओळखले होते. आधी मराठीत नीट पाहिजे, असे तो म्हणाला त्याचे कारण हेच, की दोष नेमका सांगता येण्यासाठी माणसाला निदान एका भाषेत नेमके बोलता यावे लागते.

अर्जात मी ऱ्हस्वदीर्घ तेवढे पाहिले. 'आवळणे' काढून 'घट्ट करणे' लिहिले नाही, 'मिसिंग मारणे' याला पर्याय शोधला नाही. इंग्रजी रूपांतर त्याने आमच्या इंग्रजी विभागातील एकांच्या मदतीने केले आणि अर्ज तीन-चार संघांना पाठवला. एकाकडूनही उत्तर आले नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. मार्को बेझेक्की जिंकला. साठवलेल्या पैशांतून तिकीट काढून हा मुलगा तेथे गेला. परत आल्यावर त्याने शर्यतीविषयी फार थोडे सांगितले. तो दिवसभर दुर्बिणीतून पिटकडे पाहत होता. टायर शर्यतीपूर्वी विजेच्या गोधडीत गुंडाळून तापत ठेवतात, ते काढताना दोन मेकॅनिक एकमेकांशी एक अक्षरही बोलले नाहीत, हे त्याला सर्वांत महत्त्वाचे वाटले होते. २०२४ मध्ये भारतातली ती शर्यत रद्द झाली. त्याच वर्षी त्याचे कंत्राट संपले आणि पुन्हा भरले गेले नाही. त्याच्या वडिलांचे म्हणणे होते, की आता तरी कुठेतरी कायम व्हावे. आईचे म्हणणे वेगळे होते. "आज्याने बैलांपायी दोन एकर घालवली, याने निदान बैलाला मारलं तरी नाही," असे ती मला म्हणाली. त्यात कौतुक किती आणि खेद किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आज तो चाकणजवळ एका गॅरेजात काम करतो आणि राष्ट्रीय स्पर्धेचे दिवस आले की दक्षिणेत एका छोट्या खासगी संघाबरोबर मदतनीस म्हणून जातो. जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडे मानधन मिळते. गॅरेजचे तेवढे दिवस बुडतात. कायम नोकरीची वयोमर्यादा जवळ येते आहे, लग्नाची बोलणी दोनदा थांबली आहेत. या अटी त्याने कोणी न सांगता स्वतः मान्य केलेल्या आहेत. स्वप्नाच्या मागे जा, असे सांगणारी भाषणे आपल्या स्नेहसंमेलनांत पुष्कळ होतात. त्यांत या अटींचा हिशेब नसतो. आणि स्वप्ने परवडत नाहीत, असे सांगणाऱ्या घरगुती शहाणपणात कायम नोकरीची खरी किंमत धरलेली नसते. सहा वर्षे हजारो गाड्यांना एकच भाग बसवण्याची किंमत कोणत्या वहीत लिहायची? दोन्ही बाजूंचा हिशेब मांडल्यावरही उत्तर एकच येईल, असे मला वाटत नाही. शिक्षकाने निदान हिशेब अपुरा ठेवू नये.

या अनुभवातून एक लहानसे काम मात्र निघाले. गेल्या दोन वर्षांपासून तृतीय वर्षाच्या मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून आम्ही कारखाने, गॅरेज आणि लेथची दुकाने यांतले शब्द गोळा करायला सांगतो. बहुतेकांच्या घरात ते बोलले जातात, त्यामुळे वडिलांना, मामाला, शेजारच्या काकांना विचारले की वही भरते. शासकीय परिभाषा-कोशातील प्रतिशब्दांशेजारी हे शब्द ठेवून पाहण्यासारखे आहेत. गाडी मिसिंग मारणे, इंजिन धरणे, चेन ताणणे, थ्रेड जाणे, बोअर घासणे, गॅसकेट फुंकणे. यांतल्या प्रत्येक क्रियापदामागे कोणीतरी यंत्राकडे लक्ष देऊन पाहिलेले आहे. संग्रहासाठी माझ्या विद्यार्थ्यानेही एक शब्द कोइम्बतूरहून फोनवर कळवला, अर्थासह: तार ओवणे, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून नव्हे, तर सुटला तरी पडू नये म्हणून केलेली तजवीज.